शंभरात दोन-तीन, मग मला एकही कसा दिसत नाही?

यावेळी आलेल्या पत्रांमध्ये निम्म्याहून जास्त पत्रं सोरायसिसची, म्हणजे कातडीवर खपल्यांचे चट्टे येतात त्या आजाराची, म्हणून म्हटलं एकदाच काय ते बसून उरकू. नावं नेहमीप्रमाणे छापत नाही, फक्त गाव. म्हणजे मुंबईत आपण उपनगराला गाव म्हणतो तसं.

प्रश्न (लालबाग) : डॉक्टर नमस्कार, मी ३४ वर्षांचा, नोकरी फोर्टला, काउंटरवरची. गेल्या गणपतीच्या आधी कोपरांवर आणि डोक्यात लाल चट्टे आले, वर पांढऱ्या खपल्या. आधी कोंडा समजून शाम्पू बदलत बसलो, मग शेजारच्या काकू म्हणाल्या गजकर्ण आहे, शेवटी स्किनच्या डॉक्टरांकडे गेलो तर त्यांनी दोन मिनिटांत सांगितलं, सोरायसिस. मी एकदम गप्प झालो तर ते म्हणाले अहो घाबरताय काय, खूप कॉमन आहे, शंभरात दोघातिघांना असतो. आता माझं म्हणणं असं की आमच्या चाळीत दोनशेच्या वर माणसं, ऑफिसात ऐंशी, लोकलमधली वेगळीच, आणि मला आजपर्यंत सोरायसिसवाला एकही माणूस भेटलेला नाही. डॉक्टर मला बरं वाटावं म्हणून तर बोलले नाहीत ना?

उत्तर : नाही हो, थाप नाही मारली. फक्त त्यांनी सांगितलेला आकडा जरा बाहेरगावचा आहे. दोन-तीन टक्के हे युरोप-अमेरिकेकडचं. अमेरिकेत सरकार दरवर्षी लोकांच्या तब्येतीचा एक मोठा सर्व्हे करतं, त्यात २०११ ते २०१४ च्या दरम्यान वीस वर्षांवरच्या लोकांना विचारलं की तुम्हाला डॉक्टरांनी कधी सोरायसिस आहे असं सांगितलंय का, आणि साधारण ३ टक्के लोक हो म्हणाले, म्हणजे तिकडे ७५ लाख माणसं. आता यातली गंमत बघा. प्रश्न "डॉक्टरांनी सांगितलंय का" असा आहे, म्हणजे जो डॉक्टरकडे गेलाच नाही तो या तीन टक्क्यांत नाहीच. त्याच सर्व्हेच्या २००३-०४ च्या फेरीत लोकांच्या कातडीचे फोटो काढून तज्ज्ञांना दाखवले होते, तर ज्यांना कोणीच काही सांगितलेलं नाही अशांमध्येही सोरायसिस निघाला, कडक निकष लावले तर हजारात चार, सैल लावले तर हजारात तेवीसपर्यंत. म्हणजे अंगावर आहे आणि माणसाला पत्ताच नाही.

बाकी जगाचं विचाराल तर आकडे इतके वरखाली आहेत की डोकं गरगरतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ ला सोरायसिसवर एक मोठा रिपोर्ट काढला, त्यात कमीत कमी ०.०९ टक्के आणि जास्तीत जास्त ११.४३ टक्के अशी रेंज आहे. खालचा आकडा टांझानियाचा, वरचा नॉर्वेचा. मग नॉर्वेची कातडी काय वेगळी आहे का, तर थोडी आहेही, आनुवंशिकतेचा भाग आहेच, थंडी आणि कमी ऊन हेही आहे. पण मुख्य म्हणजे त्या पाहणीत लोकांना स्वतःलाच विचारलेलं होतं की तुम्हाला आयुष्यात कधी सोरायसिस झालाय का. "आज अंगावर आहे का" आणि "कधी झाला होता का" यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. मग २०२० मध्ये जगभरचे अभ्यास एकत्र करून, डॉक्टरांनी निदान केलेलंच धरून हिशोब मांडला गेला, त्यात मोठ्या माणसांमध्ये पूर्व आशियात म्हणजे चीन-जपान बाजूला ०.१४ टक्के आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडे १.९९ टक्के असं आलं. आणि त्याच अभ्यासात हेही निघालं की जगातल्या ८१ टक्के देशांकडे या आजाराची धड माहितीच नाही! तेव्हा कोणी तुम्हाला सोरायसिसचा एकच पक्का आकडा सांगितला की समजायचं, त्याने प्रश्न नीट ऐकलेला नाही.

आता आपलं. भारतात ०.४४ ते २.८ टक्के असं पुस्तकांत लिहिलेलं सापडेल, पण हे आकडे बहुतेक करून हॉस्पिटलातले आहेत, म्हणजे स्किन ओपीडीला जे आले त्यांच्यात किती. आता वडापावच्या गाडीवर उभं राहून मुंबईत वडापाव किती जण खातात ते मोजलं तर काय येईल? तसं आहे ते. एका बाजूने आकडा फुगतो कारण ओपीडीत येणारा प्रत्येक जण कातडीचीच तक्रार घेऊन आलेला असतो, दुसऱ्या बाजूने आटतो कारण ज्याला कोपरावर रुपयाएवढा एक चट्टा आहे तो कशाला अर्धा दिवस रजा टाकून लायनीत उभा राहील. याच आकड्यांत आणखी एक येतं, की आपल्याकडे पुरुषांना हा आजार बायकांच्या दुप्पट होतो. बाहेरच्या देशांत बघितलं तर जवळपास सारखंच प्रमाण. मला विचाराल तर हा आजाराचा फरक कमी आणि दवाखान्यात कोण येतं याचा फरक जास्त आहे. घरातल्या बाईच्या तळपायाला भेगा पडल्या की ती मेण लावते, ओपीडीचा केस पेपर काढत नाही, आणि त्या भेगांमध्ये तळपायाचा सोरायसिस कितीतरी वेळा लपलेला असतो.

बरं, तरी आपण हिशोबासाठी शंभरात एक धरू, जास्त नको. तुमच्या चाळीत मोठी माणसं दोनशे धरली तर दोन. ऑफिसात एखादा. सकाळच्या गर्दीच्या लोकलमध्ये चार हजार माणसं कोंबलेली असतात, त्यात चाळीस. रोज, तुमच्याच गाडीत, चाळीस जण.

दिसत का नाहीत म्हणता? पहिलं कारण, दहातल्या आठ जणांना हा सौम्यच असतो. आपला तळहात बोटांसकट म्हणजे अंगाचा साधारण एक टक्का धरतात, बहुतेकांचे सगळे चट्टे मिळून दोन-तीन तळहातांच्या वर जात नाहीत. दुसरं म्हणजे जागा. कोपर, गुडघा, कंबर, डोक्यात केसांखाली, नखं, बेंबी. यातलं फुल शर्ट-पँट घातलेल्या माणसाचं काय दिसतं तुम्हाला? तिसरं, हा येतो-जातो, थंडीत वाढतो, उन्हात कमी होतो, कधी कधी महिनोन्महिने गायब असतो. आणि चौथं म्हणजे लोक त्याला दुसरंच काहीतरी नाव देतात, कोणी कोंडा म्हणतं, कोणी नायटा, कोणी "उष्णता". तुम्ही स्वतः आधी शाम्पूच बदलत होतात ना?

आणि आता खरं सांगा, ऑफिसात तुम्ही किती जणांना सांगितलंय? मला वाटतं एकालाही नाही. म्हणजे उद्या तुमच्या त्या ऐंशी जणांना कोणी विचारलं की तुमच्या ओळखीत सोरायसिसचं कोणी आहे का, तर ते सगळे नाही म्हणतील, आणि तुम्ही तिथेच काउंटरवर फुल बाह्यांचा शर्ट घालून बसलेले असाल.

माझ्याकडे एकदा संध्याकाळी वेटिंगमध्ये दोन गृहस्थ एकमेकांकडे बघून असे दचकले की जणू चोरी पकडली गेली. नंतर कळलं की दोघं एकाच लोकलच्या ग्रुपमधले, सात वर्षं एकत्र भजनं म्हणतात, दसऱ्याला डबा सजवतात, एकमेकांच्या मुलींच्या लग्नाला जाऊन आलेत, आणि दोघांनाही एकमेकांचं हे माहीत नव्हतं. एकजण टाळ वाजवतो, त्याच्या तळहातावरच होता, तो म्हणायचा सिमेंटची ॲलर्जी आहे.

जाता जाता हा आजार आहे काय ते. आपल्या कातडीची पेशी खालून वर येऊन गळून पडायला साधारण महिना घेते. सोरायसिसमध्ये शरीराची संरक्षण यंत्रणा उगाचच चेकाळते आणि तेच काम तीन-चार दिवसांत उरकतं, मग कच्च्या पेशींचा ढीग साचतो, तीच तुमची पांढरी खपली. खाली सूज, म्हणून लाल. आपल्या सावळ्या कातडीवर लाल दिसेलच असं नाही, जांभळट-तपकिरी दिसतो, पुस्तकातले गोऱ्या कातडीचे फोटो बघून लोक फसतात. बाहेरून जंतू येऊन होत नाही, म्हणून लागण होत नाही. २०१४ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने ठराव करून याला गंभीर असंसर्गजन्य आजार म्हटलंय, म्हणजे डायबेटिस-बीपीच्या पंगतीला बसवलाय. तो पूर्ण मुळापासून जातो असं कोणी म्हणालं तर पैसे खिशातच ठेवा, पण आटोक्यात राहतो, आणि आता पूर्वीपेक्षा कितीतरी चांगला राहतो.

प्रश्न (मुलुंड) : माझी मुलगी २७ वर्षांची, चांगली शिकलेली, नोकरी करते. तीन वर्षांपासून गुडघ्यांवर आणि केसांत सोरायसिस आहे. स्थळं बघतोय. एक बाई म्हणाल्या सांगू नका, लग्नानंतर सांगा, दुसऱ्या म्हणाल्या याची मुलं पण तशीच होतात. एका ठिकाणी सांगितलं तर फोनच यायचा बंद झाला. काय करावं कळत नाही, रात्र रात्र झोप लागत नाही.

उत्तर : ताई, फोन बंद झाला ते घर तुमच्या मुलीच्या नशिबातून टळलं असं मी तरी म्हणेन, पण तुमच्या जागी असते तर मलाही झोप लागली नसती हे खरं.

सांगा. लपवून ठेवलं तर ती सासरी पहिल्या दिवसापासून केस झाकत, बाथरूममध्ये कडी लावून मलम लावत राहील, आणि ताण हेच तर याचं एक मोठं खतपाणी. सांगताना मात्र "मुलीत एक दोष आहे" अशा सुरात नको. सरळ, जसं कोणाला थायरॉइड आहे सांगतो तसं, आणि मुलीलाच सांगू दे, तुम्ही नाही. ती सत्तावीसची आहे, तिला येतं बोलता.

आता मुलांचं. आनुवंशिकता आहे, नाही म्हणत नाही. पण आई-वडिलांपैकी एकाला असेल तरी बहुतेक मुलांना होत नाही. दोघांनाही असेल तर शक्यता बरीच वाढते. जुळ्यांचं उदाहरण घ्या, अगदी एकसारख्या जुळ्यांमध्ये सगळं रक्त-मांस सारखं, तरी एकाला आहे म्हणून दुसऱ्याला होतोच असं नाही. म्हणजे नुसत्या जीन्सने भागत नाही, वरून काहीतरी ठिणगी लागते, घशाचं इन्फेक्शन, एखादी जखम, काही औषधं, ताण.

आणि हे वय बघा ना. सोरायसिस बहुतेकांना चाळिशीच्या आत सुरू होतो, एक लाट विशी-तिशीत आणि दुसरी पन्नाशीच्या पुढे. म्हणजे नेमका स्थळं बघायच्या वयातच हा उगवतो. समोरच्या मुलाला आज नाही म्हणून पुढे होणार नाही असा काही बॉन्ड कोणी लिहून देत नाही, आणि त्यांच्या घरातले सगळे काका-मामा-आत्या मोजल्या तर एखाद्याच्या कोपरावर निघेलच, फक्त ते त्याला कोरडी कातडी म्हणत असतील.

एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की ठेवा, लग्न ठरलं की स्किनच्या डॉक्टरांना सांगायचंच. मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या चालू असतील तर त्या बंद करून, डॉक्टर सांगतील तेवढे महिने थांबूनच दिवस राहू द्यायचे, आणि ॲसिट्रेटिन नावाची गोळी तर मूल हवं असलेल्या मुलीला देतच नाहीत, ती बंद केल्यावरही तीन वर्षं थांबावं लागतं. बाकी गरोदरपणात बऱ्याच जणींना उलट आराम पडतो, बाळंतपणानंतर मात्र परत डोकं वर काढतो, तेव्हा तयारीत राहायचं.

प्रश्न (घाटकोपर) : मिस्टरांना पावसाळ्यापासून कमरेला आणि पाठीला गोल चट्टे आहेत. केमिस्टने एक ट्यूब दिली, लावली की चार दिवसांत साफ, बंद केली की दुप्पट. आता मला पण मांडीत आलंय. नेटवर बघितलं तर सोरायसिस वाटतोय. तुम्ही म्हणता लागण होत नाही, मग मला कसा झाला?

उत्तर : झाला नाही म्हणूनच. नवऱ्यामागून बायकोला आलं, कमरेला, मांडीत, गोल, आणि तुम्ही लिहिलंय की पावसाळ्यात सुरू झालं, तर बघितल्याशिवाय शंभर टक्के बोलणार नाही पण हा नायटा, म्हणजे फंगस वाटतोय. नायट्याची कड उठावदार असते आणि मध्ये कातडी बरी होत जाते, कडं बाहेर सरकत जातं. सोरायसिसमध्ये चट्टा सगळीकडून सारखाच जाड, वर चांदीसारखी खपली, आणि बहुतेक वेळा डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना. शंका असेल तर कातडीची जरा खरवड घेऊन मायक्रोस्कोपखाली बघतात, तिथल्या तिथे कळतं, दुखत नाही.

त्या ट्यूबबद्दल माझं रक्त खवळतं म्हणून थोडक्यात लिहिते. त्यात बहुतेक एक जोरदार स्टिरॉइड, एक फंगसचं औषध आणि एक अँटिबायोटिक असं कडबोळं असतं. स्टिरॉइडने लाली आणि खाज झटकन बसते, फंगस मात्र आत मजेत वाढतो. आणि समजा खरंच सोरायसिस असता तरी अशी ट्यूब मनाने महिनोन्महिने फासून एकदम बंद केली की तो उसळतो, कधी कधी पू भरलेले फोड येण्याइतका. सरकारने २०१८ मध्ये अशी स्टिरॉइडची मलमं शेड्युल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायचीच नाहीत. देतात, तो भाग वेगळा. तुम्ही मागू नका. दोघांनी एकत्र दाखवा, टॉवेल वेगळे करा, कपडे उन्हात कडक वाळवा, आणि तोपर्यंत ती ट्यूब कचऱ्याच्या डब्यात. असल्या ट्यूबने चट्ट्याचं रूपच बदलून जातं, आम्हालाही मग ओळखताना घाम फुटतो.

प्रश्न (बोरिवली) : सासूबाई म्हणतात लहानपणी मासे खाऊन दूध प्यायलास म्हणून सोरायसिस झाला. वांगं, चिंच, दही सगळं बंद केलंय, वर्ष झालं, फरक नाही.

उत्तर : मग चालू करा की! मासे-दुधाने सोरायसिस होत नाही. बंद करायचंच असेल तर सिगरेट आणि दारू करा, वजन जास्त असेल तर ते उतरवा, या तिन्हीचा संबंध खरा आहे, पण घरात वांग्यावर बंदी घालणं सोपं पडतं. आंघोळ झाल्या झाल्या अंग ओलसर असतानाच खोबरेल तेल किंवा साधं मॉइश्चरायझर लावा, ऑफिसच्या एसीत दिवसभर बसत असाल तर दुपारी परत एकदा.

प्रश्न (चेंबूर) : मला ४५ व्या वर्षी हातांवर डॉक्टरांनी इसब सांगितलंय. इसब तर लहान मुलांना होतं ना?

उत्तर : मुलांना जास्त, पण मोठ्यांनाही होतं आणि सोरायसिसपेक्षा कमी नाही. २०१८ साली छापलेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय पाहणीत मोठ्या माणसांमध्ये ॲटोपिक, म्हणजे ॲलर्जीच्या प्रकृतीतल्या, इसबाचं प्रमाण जपानमध्ये २.१ टक्के, युरोपात ४.४ आणि अमेरिकेत ४.९ आलं होतं. इंटरनेटवरून केलेली पाहणी आहे, तेव्हा मघाचा वडापावचा नियम इथेही लावा. इसब सहसा कोपराच्या आतल्या घडीत, गुडघ्याच्या मागे, मानेवर, आणि खाज अशी की रात्री उठवते. सोरायसिस बरोबर उलट बाजूला, कोपराच्या टोकावर. तुम्ही हातांवर लिहिलंय, तेव्हा भांड्यांचा साबण, केसांचा रंग, हातमोजे, यातलं काय लागतंय ते आधी बघा.

प्रश्न (गोरेगाव) : सोरायसिस दहा वर्षं आहे, थोडासाच, मी लक्षही देत नाही. पण सहा महिन्यांपासून सकाळी उठल्यावर बोटं आखडलेली असतात, तास-दीड तास मूठ वळत नाही, एक बोट तर सॉसेजसारखं सुजलंय. वय ४२. वयामुळे असेल का?

उत्तर : बेचाळीस हे काही वय नाही. सोरायसिसवाल्यांमध्ये जगभरचा हिशोब धरला तर साधारण पाचातल्या एकाला सांधे धरतात, आणि कातडीवर थोडंसंच आहे म्हणून सांधे सुटले असं अजिबात नसतं. सकाळचा आखडलेपणा आणि सबंध बोट सुजणं ही त्याची खूण आहे. नुसत्या पेनकिलरवर दिवस ढकलू नका, सांधा एकदा झिजला की परत भरून येत नाही. यावेळची अपॉइंटमेंट स्किनवाल्यांची नाही, संधिवातवाल्यांची घ्या, आणि जाताना नेलपॉलिश असेल तर काढून जा, ते नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे आहेत का ते बघतील.